मास्तरांचे दात आणि भागामायची मिरवणूक

बँडवाल्याचं आयुष्य वाजवण्यात जातं, असं लोकांना वाटतं. खोटं! ते जातं वाट पाहण्यात. नवरदेवाचा फेटा बसत नाही, मामा अजून एसटीत आहे, फोटोवाल्याचं ‘अजून एक, अजून एक’ संपत नाही. आणि आम्ही लाल कोट चढवून, गळ्यात वाद्यं अडकवून कुठल्यातरी लिंबाच्या सावलीत बसलेलो. अशा वेळी माणूस काय करणार? किस्से सांगणार! एक सांगून संपत नाही तोवर दुसऱ्याला तिसरा आठवतो. बरं, ज्याच्याबद्दल सांगायचं तो माणूस शेजारीच बसून पान चघळतोय, म्हणजे खोटं घुसवायचीही सोय नाही.

तो माणूस म्हणजे याकूब मास्तर. शहाद्याचे. क्लॅरिनेट वाजवतात. वाजवतात म्हणजे काय, तापीच्या या बाजूला आणि त्या बाजूला लग्न ठरलं की आधी मास्तरांची तारीख विचारायची आणि मग भटजींची, असा काळ मी डोळ्यांनी पाहिलाय.

आणि मी? मी पाटील. गाव रनाळे. घरात शेती, साखर कारखान्यात नोकरी आणि गळ्यात साइड ड्रम! बायकोचं म्हणणं असं की यातली तिसरी गोष्ट नसती तर पहिल्या दोन बऱ्या चालल्या असत्या. तिचं खरं असेल. पण मास्तरांच्या मागे ड्रम वाजवण्याचं जे सुख आहे ते मला ना उसात मिळालं ना पगारात. मिळालं नाही म्हणजे नाहीच, त्यात लपवायचं काय?

तर यंदा शहाद्यातल्या एका मंडळाने मास्तरांचा सत्कार ठरवला. हॉल घेतला, शाल आणली, नारळ आणला. आयोजक एक उत्साही सर होते. ते मला म्हणाले, “पाटील, तुम्ही इतकी वर्षं त्यांच्यासोबत आहात. मास्तरांच्या कारकिर्दीतून तरुणांनी काय शिकावं, यावर बोला.” मी चार दिवस डोकं खाजवलं. शिकवण म्हणून काही आठवायला गेलो की किस्साच आठवे! शेवटी मी मंचावर चार वाक्यं बोलून खाली बसलो. मग सरांनी माइक मास्तरांपुढे धरला. “मास्तर, तरुण पिढीला आपला संदेश?”

मास्तर उठले. मास्तरांनी माइकला नमस्कार केला आणि म्हणाले, “दात घासा.”

आणि बसले!

हॉल जो हसला, जो हसला! टाळ्या थांबेनात. सरही पोट धरून हसत होते. आम्ही बँडवाले मात्र हसलो नाही. कारण मास्तर विनोद करत नव्हते. त्यांचे वरचे दात गेले होते, त्यामुळे क्लॅरिनेट गेली होती. आणि त्यामुळे एका म्हातारीला दिलेला शब्द मध्येच अडकून पडला होता.

त्या शब्दाचं सांगतोच. पण मास्तर काय चीज आहे ते आधी कळलं पाहिजे.

* * *

मी बँडमध्ये जायचं ठरवलं तेव्हा घरी तेलाच्या डब्यावर हात चांगला बसवला होता. वाटलं, मास्तर परीक्षा घेतील, आपण असा काही तोडा वाजवू की बघत राहतील! गेलो. मास्तर ओट्यावर बसले होते. त्यांनी माझ्या गळ्यात ड्रम अडकवला. मी काठ्या उचलल्या.

“काठ्या खाले ठेव,” मास्तर अहिराणीत म्हणाले. “वाजाडता सगळासले येस. तुले चालता येस का?”

मला राग आला. बापाने मला चालायला शिकवलं त्याला पुष्कळ वर्षं झाली होती! पण मास्तर उठले आणि माझ्या शेजारून गल्लीतून चालायला लागले. अहो, ते चालणं म्हणजे काय सांगू! एक पाऊल टाकायचं आणि थांबायचं. पुढे पोरं नाचताहेत असं समजायचं. मध्ये गटार आहे, शेण आहे, खड्डा आहे. खाली बघायचं नाही, पण पाऊल तिथे पडूही द्यायचं नाही. ती गल्ली मी एरवी एका दमात पार केली असती. मास्तरांनी तिथे माझ्या पोटऱ्या भरून आणल्या.

मी म्हणालो, “मास्तर, इतकं हळू? वरात पोचायची कधी?”

“नवरदेवले घाई ऱ्हास,” मास्तर म्हणाले. “नवरदेवना बापले त्यानापेक्षा जास्त. आपले नही.”

ड्रमला हात लावायला त्यांनी मला दुसऱ्या आठवड्यात परवानगी दिली.

* * *

मास्तरांचा एक कायदा आहे. मिरवणूक चालू असताना वाजा थांबवायचा नाही. नवरदेवाची घोडी उधळो, दोन जावई भांडोत, पाऊस येवो, वाजा चालूच! मध्येच बंद पडलेला बँड म्हणजे अर्ध्यात उठलेली पंगत, असं ते म्हणतात.

या कायद्यामुळे आमचा ढोलवाला किसन एकदा हरवला.

खांडबाऱ्याला लग्न होतं. बाजाराचा दिवस, त्यात लग्नांची दाट तिथी. स्टेशनकडून एक वरात येतेय, बाजाराकडून आमची चाललीय. दोन्ही वराती चौकात समोरासमोर! आता गंमत अशी की दोन्ही बँडचे कोट नंदुरबारच्या एकाच टेलरने शिवले होते, आणि त्या बहाद्दराने एकाच ताग्यातून शिवले होते. लालात लाल मिसळलं. त्या सीझनला गाणंही सगळीकडे एकच चालू होतं. त्यांचंही तेच, आमचंही तेच!

किसनचा ढोल पोटावर, फेट्याचा तुरा डोळ्यावर. त्याला दिसत काय होतं, तर फक्त पुढच्या माणसाची लाल पाठ. चौकातल्या गर्दीत तो एका लाल पाठीमागे निघाला, ती पाठ दुसऱ्याच बँडची! गेला तो थेट मांडवात. तिथे मुलीकडच्यांनी टॉवेल-टोपी दिली, पंगतीत बसवलं, तेव्हा याने मान वर करून मास्तरांना शोधलं. मास्तर नाहीत!

इकडे आमच्यात त्यांचा ढोलवाला. मला दोन ठोक्यांतच कळलं की हा हात किसनचा नाही. मी मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी मागे वळून त्या नव्या माणसाकडे एकदा पाहिलं, मान डोलावली आणि वाजवत राहिले. थांबायचं नाही म्हणजे नाही! वरात ठिकाणी लागली, मग त्याला चहा पाजून त्याच्या बँडकडे पाठवला.

संध्याकाळी किसन आला. डोक्यावर नवी टोपी, तोंडात पान. आम्ही सगळे मास्तर काय बोलतात ते ऐकायला गोळा झालो.

“तुन्हा जागावर जो उन्ता ना,” मास्तर शांतपणे म्हणाले, “तो बेस वाजाडे. तू परत काब्र उना, कशाले उना?”

किसन म्हणाला, “मन्ह्या चपला आपली गाडीमा शेतस.”

* * *

मास्तर घरी रियाज करतात तो पहाटेच्या नमाजानंतर, गच्चीवर. आणि काय वाजवतात? काही नाही! एक सूर. लांबच लांब, एकच. तो संपला की पुन्हा तोच. नव्या माणसाला वाटेल की क्लॅरिनेट बिघडलीय.

भाभी, म्हणजे मास्तरांच्या मंडळी, मोठ्या फटकळ. एकदा आम्ही सगळे अंगणात बसलो असताना त्या म्हणाल्या, “सारी उम्र एकही सूर लगा रहे हैं. दूसरा याद नहीं हुआ क्या?”

मास्तर म्हणाले, “पहला अभी कहाँ आया?”

पण भाभींचं खरं गुपित वेगळंच आहे. मास्तरांनी वर पहिला सूर लावला की भाभी खाली गॅसवर चहाचं आधण ठेवतात. मास्तरांचा रियाज संपतो आणि खाली चहा गाळायला येतो. घड्याळ बघायचं काम नाही. मी त्या चहाचा जुना भक्त आहे. शहाद्यात तसा चहा कुठे मिळत नाही.

हे मी चहासाठी सांगत नाहीये. पुढे लागणार आहे म्हणून सांगतोय.

* * *

डीजे आला तेव्हा आमचे दिवस फिरले. पहिला झटका मला माझ्याच गावात बसला! रनाळ्याला माझ्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न. बँड मी ठरवलेला. आणि वरपक्ष भलामोठा डीजे घेऊन आला. भिंतीएवढे स्पीकर, त्यांच्यापुढे पोरं नाचताहेत, घरांच्या पत्र्यांवरची धूळ खाली पडतेय. आम्हाला सांगितलं, “तुम्ही मागून या.”

माझं तोंड एवढंसं झालं. मास्तरांना मी माझ्या गावात आणून मागे उभं केलं! मास्तरांचा भाचा शरीफ, तो ट्रम्पेट वाजवतो, तो तर भांडायलाच निघाला होता. मास्तरांनी त्याचा कोट धरून त्याला खाली बसवलं.

“वाद्यं बंद करा,” म्हणाले. “जेवन करी ल्या.”

जेवलो. मास्तरांनी वरणबट्टीवर तूप मागून घेतलं. मी विचारलं, “मास्तर, तुम्हाला काही वाटत नाही?”

“वाटस ना. बट्टी जरा कडक व्हयनी.”

दुपार उतरली. लग्न लागलं. मुलगी सासरी निघायची वेळ आली. आता माझ्या चुलतभावाचं घर आहे आतल्या गल्लीत. तिथून बैलगाडी निघायची मारामार, डीजेची गाडी कुठली शिरतेय! मुलगी दारात आईच्या गळ्यात पडलेली, बाहेर सगळं चिडीचूप, आणि वाजा नाही. चुलतभाऊ घाबराघुबरा आमच्याकडे आला. “मास्तर…”

मास्तर उठलेच होते. “मोठा आवाजले मोठा रस्ता लागस,” म्हणाले. “गल्लीमा आपलं काम.”

त्या दिवशी त्यांनी जे वाजवलं ते मी विसरणार नाही. इतकं हळू की आई मुलीला काय सांगतेय ते शब्दन्‌शब्द ऐकू येत होतं. “सकाळी लवकर उठत जाय, नि भूक लागी ते सांगी दे, लाजू नको.” माझ्या काठ्या ड्रमच्या कडेवर नुसत्या टेकत होत्या. गल्लीच्या तोंडाशी तो डीजेवाला मशीनला टेकून उभा होता. मास्तर जवळून गेले तेव्हा त्याने डोक्यावरची टोपी काढली.

* * *

आता भागामाय.

शहाद्यात मारुतीच्या देवळाकडे जायची एक जुनी गल्ली आहे. नवरदेव लग्नाआधी मारुतीला जाणारच, म्हणजे आम्हाला सीझनभर त्या गल्लीतून जायचंच. तिथे भागामायचं घर. तिचा धाकटा मुलगा दिलीप हा आमच्या बँडचा आशिक होता. लग्न कोणाचंही असो, दिलीप पुढे नाचायला हजर! त्याची एक ठरलेली फर्माईश होती. ती चाल मास्तरांनी लावली की तो रुमालाचं टोक दातात धरून रस्त्यावर गुडघे टेकायचा.

दिलीप शेतात मोटर चालू करायला गेला आणि त्याला करंट लागला. तिथल्या तिथे गेला.

त्यानंतर त्या गल्लीतून आमची पहिली मिरवणूक निघाली. भागामायचं दार आलं आणि मास्तरांनी हात वर केला. वाजा बंद! कधीही न थांबणारे मास्तर थांबले. नुसत्या पायांचा आवाज करत आम्ही दारापुढून गेलो, आणि दार मागे पडल्यावर मास्तरांनी पुन्हा सूर धरला. तेव्हापासून तो नियमच झाला. नवा माणूस बँडमध्ये आला की त्याला आधी ते सांगायचं, “भागामायच्या दारापुढे चूप.” किती नवरदेवांचे बाप आमच्यावर ओरडले! मास्तरांनी कोणाचं ऐकलं नाही. आणि खरं सांगू? मला मास्तरांच्या त्या गोष्टीचा फार अभिमान वाटायचा.

बरीच वर्षं अशी गेली. एका लग्नाला आम्ही त्या गल्लीत शिरलो. मास्तरांनी हात वर केला, वाजा थांबला. आणि दारातून भागामाय बाहेर आली. पदर खोचलेला, पाठ वाकलेली. घोडीपुढे येऊन उभी राहिली!

“काब्र रे मास्तर?” ती म्हणाली. “मन्हा दारमोरे वाजा काब्र बंद करस?”

मास्तर गडबडले. मी त्यांना गडबडलेलं पहिल्यांदाच पाहत होतो. “माय, तुले वाईट वाटी म्हनीसन…”

“माले इचारं व्हतं का?”

मास्तरांनी वर केलेला हात खाली घेतला.

“मन्हा दिलीप तुन्हा वाजामोरे नाचे. आखा गावमा तू वाजाडस, नि मन्हं दार उनं का चूप! पोऱ्या गया मन्हा. मन्हं दार बी गयं का?”

सगळी वरात दगडासारखी उभी. घोडीवरून नवरदेव खाली बघतोय. इतकी वर्षं आम्ही ज्याला मान समजत होतो, ते त्या बाईच्या दारावर रोज नवं कुलूप लावल्यासारखं होतं. कुणालाही ते कळलं नव्हतं. मला तर नव्हतंच.

मास्तरांनी खिशातून रुमाल काढून डोळे पुसले, क्लॅरिनेट तोंडाला लावली आणि दिलीपची चाल धरली. तिच्या दारात उभं राहून अख्खी वाजवली. नवरदेवाच्या बापाने घड्याळ बघितलं, पण बोलायची हिंमत त्याची झाली नाही.

चाल संपल्यावर भागामाय मास्तरांजवळ आली. “आते बेस वाटनं,” म्हणाली. “आखो एक ऐकी ले. मी जासू ना, तव्हय माले बी वाजाडत लई जाय. तूच. दुसरा कोनी नको. नि तो डीजे ते बिलकुल नको!”

आमच्याकडे पिकल्या वयाचं माणूस गेलं की वाजतगाजत नेतात. त्यामुळे मागणं काही वेगळं नव्हतं. मास्तरांनी तिच्या पायांना हात लावला. “वाजाडसू, माय. शब्द शे मन्हा.”

* * *

आणि मग दात गेले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. क्लॅरिनेटचं तोंड वरच्या दातांखाली घट्ट धरावं लागतं, खालचा ओठ फुंकायच्या पातळ पत्तीवर. वर दात नाहीत म्हणजे क्लॅरिनेटला टेकू नाही. मास्तरांचे एकेक करत सगळे हलले, आणि डॉक्टर म्हणाले, “आता काढायलाच हवेत.” काढले. मग कवळी बसवली. मास्तरांच्या तोंडात ती पांढरीशुभ्र कवळी बघून भाभी म्हणाल्या, “शादी के वक्त भी इतने अच्छे नहीं थे!”

आम्ही सगळे अंगणात जमलो. मास्तरांनी कवळी लावून पहिली फुंक मारली. सूर निघाला, आणि त्याच्यासोबत कटकट कटकट असा आवाज! कवळी सुटून क्लॅरिनेटवर आपटत होती.

किसन म्हणाला, “मास्तर, झांजवालाले सुट्टी दई टाकूत का?”

हसलो. मास्तर सगळ्यात जास्त हसले. मग त्यांनी क्लॅरिनेट पुसली, तिचे तुकडे वेगळे केले, पेटीत ठेवले आणि पेटी भाभींच्या हातात दिली. “ऊपर रख दो.”

भाभींनी ती माळ्यावर ठेवली. त्या दिवशी मी घरी जाऊन जेवलो नाही.

सकाळचा सूर बंद झाला. भाभींचा चहा बिघडला. कधी नुसतं पांढरं पाणी, कधी काढा! आम्ही मुकाट्याने प्यायचो. लग्नांना आता शरीफ पुढे उभा राहून ट्रम्पेट वाजवायचा, चांगलाच वाजवायचा. मास्तर मागे हात बांधून चालायचे. भागामायचं दार आलं की वाजा जोरात व्हायचा आणि मास्तर खाली बघायचे.

शरीफ एकदा त्यांना म्हणाला, “मामू, आप फ़िक्र मत करो. भागामाय का मैं बजा दूँगा.”

मास्तर म्हणाले, “ज़बान तूने दी थी?”

* * *

थंडीत भागामायने अंथरूण धरलं. खाणं सुटलं, बोलणं सुटलं. सुनेने सुरतच्या नातेवाइकांना बोलावून घेतलं. गल्लीतल्या बायका उशाशी बसल्या. मास्तरांना कळलं तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता. मला घेऊन ते तिच्याकडे गेले.

ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. सून तिच्या कानाशी म्हणाली, “आत्या, मास्तर उनात.”

भागामायने डोळे उघडले. मास्तरांकडे पाहिलं. “दात उनात का?”

“नही, माय.”

“मंग काब्र उना? जाय. दात उनात का ये.”

आणि पुन्हा भिंतीकडे वळली! चार-सहा दिवसांत उठून बसली. दुधात कळण्याची भाकरी कुस्करून मागितली. गोळा झालेले नातेवाईक एकेक करून सुरतच्या गाडीला लागले. त्यांतला एक जण जाताना मला जरा नाराज वाटला. रजा वाया गेली होती बिचाऱ्याची.

सत्कार झाला तो यानंतर. म्हणून म्हटलं, ‘दात घासा’ला आम्ही हसलो नाही.

* * *

एक दिवस मी मास्तरांकडे गेलो. मास्तर बाजारात गेले होते. भाभींनी चहा दिला. मी घोट घेतला आणि थांबलो. पुन्हा घोट घेतला. तोच चहा! जुना!

मी भाभींकडे बघितलं. त्यांनी दाराबाहेर नजर टाकली आणि हळूच म्हणाल्या, “तीन दिन से बराबर बन रही है. किसी को बोलना मत.”

मला काय झालं ते सांगता येत नाही. मी तो चहा संपवला आणि आणखी एक कप मागितला.

मास्तरांनी कवळी काढून ठेवली होती. वरचा ओठ आत दुमडून, खालचाही दुमडून, नुसत्या हिरड्यांवर ते क्लॅरिनेट धरायला शिकत होते. या वयात! पहिल्या दिवशी ओठ फुटून रक्त आलं, असं भाभी म्हणाल्या. मी कोणाला बोललो नाही. फक्त किसनला सांगितलं. किसनने कोणाला सांगितलं नाही, फक्त बँडला सांगितलं.

मग एका सकाळी मास्तरांचा निरोप आला. “ड्रेस घालून या. भागामायकडे जायचंय.”

आम्ही लाल कोट घालून गल्लीत शिरलो. कुठे लग्न नाही, वरात नाही. नुसता बँड, आणि तोही न वाजवता, हळूहळू भागामायच्या घराकडे चाललेला. गल्लीने काय समजायचं ते समजून घेतलं! एका म्हाताऱ्याने डोक्याला टॉवेल गुंडाळला. बायका पदर तोंडाला लावून बाहेर आल्या. समोरच्याने बांबू आणायला सायकल काढली. कोणीतरी तर सुरतला फोनसुद्धा लावला, “निंघा, माय गई!”

भागामाय ओट्यावर बसून सुपात तूर निवडत होती. गल्लीत एवढी माणसं बघून तिने मान वर केली.

“कोन मरनं रे?”

किसन म्हणाला, “आतेलोंग ते कोनी नही, माय.”

मास्तर पुढे झाले. त्यांनी कवळी काढून खिशात ठेवली. तोंडाचं बोळकं झालं. गल्लीत कोणी हसलं नाही. त्यांनी ओठ दुमडले, क्लॅरिनेट धरली. पहिली फुंक नुसती वाऱ्याची आली. दुसरी पण. तिसऱ्या फुंकेला सूर आला. पूर्वीसारखा टणक नव्हता, जरा बारीक होता. पण हलत नव्हता. मग त्या सुरातून हळूहळू दिलीपची चाल निघाली. मी ड्रमच्या कडेवर काठी टेकवली. किसनने ढोलावर नुसती बोटं ठेवली.

भागामाय तूर निवडत होती. मग तिचे हात थांबले. सूप तसंच मांडीवर राहिलं. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, त्या तिने पुसल्या नाहीत. गल्लीत टॉवेल गुंडाळून उभे असलेले लोक एकेक करून टॉवेल सोडत होते.

चाल संपली. मास्तरांनी क्लॅरिनेट खाली घेतली. धाप लागली होती, ओठ लाल झाले होते. ते ओट्याजवळ गेले, वाकले.

“आते चाली ना, माय?”

भागामायने पदराने डोळे पुसले. मास्तरांच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिली. मग सूप पुन्हा जवळ ओढलं आणि तुरीतला एक खडा काढून बाजूला टाकला.

“कच्चं शे आजून,” ती म्हणाली. “आखो रियाज कर. माले काय घाई नही.”